फक्त साठ रुपयांत

गेल्या रमजानमध्ये माझ्या फोननं मला एकच रील निदान तीस-चाळीस वेळा दाखवली. दर वेळी बोलणारा माणूस वेगळा, टी-शर्ट वेगळा, गाडीही वेगळी. पण रील तीच. पहिल्या तीन सेकंदांत तवा आणि त्यावर उलथन्याची टकटक. मग मिनारा मशिदीची रोषणाई आणि वरून घेतलेली गर्दी. मग आपला यजमान कॅमेऱ्यात बघून मराठीत म्हणणार, "मंडळी, आज आपण आलोय मुंबईतल्या एका वेगळ्याच दुनियेत!" आणि लगेच गाडीवाल्याकडे वळून हिंदीत, "चचा, क्या खिला रहे हो?" चचा काहीतरी सांगतात, त्यांचं वाक्य अर्ध्यात कापलेलं असतं. मग पहिला घास, मिटलेले डोळे, विश्वास बसत नसल्यासारखी हलणारी मान, आणि शेवटी पिवळ्या ठळक अक्षरांत किंमत: फक्त साठ रुपयांत!

मला हा प्रकार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. मी बीकेसीत एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो आणि कुर्ल्यात दोन रूममेट्सबरोबर राहतो. पगार ऐकायला बरा वाटतो. भाडं, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे गेले की वीस तारखेनंतर तो तसा वाटत नाही. त्या दिवसांत मला जगवलंय ते हलाल गाड्यांनी. सीख, कलेजी, बैदा रोटी, हिवाळ्यात पाया सूप, रमजानमध्ये खिचडा. यातली निम्मी ठिकाणं मला रील्सनीच दाखवली. तेव्हा मी वर बसून नाक मुरडणारा समीक्षक नाही, नियमित गिऱ्हाईक आहे.

पण साहित्याच्या पानावर रीलचं परीक्षण कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे. आमच्या आयांच्या पिढीकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतं. पुलंच्या वाचकांकडे 'माझे खाद्यजीवन' होतं. आमच्या पिढीचं खाद्यलेखन ही रीलच आहे. आज मराठीत खाण्याबद्दल जे काही सगळ्यांत जास्त लोकांपर्यंत पोचतं, ते या चाळीस सेकंदांत असतं. मग पुस्तकाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच हिलाही विचारायला हवेत. कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? काय दाखवलं आणि काय कापलं?

*

सुरुवात 'चचा'पासून करतो, कारण तिथे मी स्वतः पकडला गेलो.

माझं गाव बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. दिवेआगरचा समुद्र बघायला जाणाऱ्या प्रत्येकानं आमची बाजारपेठ ओलांडलेली असते, थांबलेलं सहसा कुणी नसतं. कुर्ला पश्चिमेला स्टेशनबाहेर संध्याकाळी एक गाडी लागायची. मी तिथे वर्षभर जात होतो आणि वर्षभर हिंदीत बोलत होतो. "चाचा, एक रोल, तीखा कम." "कितना हुआ?" दाढी, टोपी, सीख, माझ्या डोक्यातल्या कुठल्याशा कोडनं भाषा आपोआप बदलून टाकली होती. ते कोड मी लिहिलं नव्हतं, पण कधी तपासलंही नव्हतं.

जुलैमधल्या एका पावसाळी संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांचा फोन वाजला आणि ते बोलायला लागले, "पऱ्याला पाणी किती आलंय? आणि पंप काढून ठेव आधी, नंतर बोल." हेल थेट आमच्याकडचा.

"कुठले तुम्ही?" मी मराठीत विचारलं.

"म्हसळा."

"मी बोर्लीचा."

त्यांनी उलथनं बाजूला ठेवलं. "कुठली बोर्ली? पंचतन की मांडला?"

हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्याबाहेरचा माणूस विचारूच शकत नाही. बोर्ली मांडला मुरुड तालुक्यात, बोर्ली पंचतन श्रीवर्धनात. आणि दोन्हीकडची माणसं आयुष्यभर हा खुलासा करत असतात. त्या दिवसापासून ते माझे काका झाले. नाव मी इथे देणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

काकांनी चौदा वर्षं कुवेतमध्ये कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाक केला. परत आले ते वाडी करायची म्हणून. सुपारीची वाडी वडिलांच्या वेळची, श्रीवर्धनी रोठा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा त्यांची जवळजवळ सगळी झाडं एका दुपारी आडवी झाली. सुपारीचं नवं झाड लावलं तर धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. तेवढी वर्षं काढायला ते मेव्हण्याची गाडी चालवायला कुर्ल्यात आले. आमच्या घरची नारळाची वाडीही त्याच दुपारी गेली होती. माझ्या कर्जाचा हप्ता माझ्या बाबांनी भरायचा असं ठरलं होतं. तो तेव्हापासून मी भरतो. म्हणजे एकाच वादळानं आम्हा दोघांना एकाच फूटपाथवर आणून उभं केलं होतं, एकाला तव्याच्या त्या बाजूला आणि एकाला या.

आता 'मुंबईतली वेगळीच दुनिया' हे वाक्य पुन्हा ऐकून बघा. या दुनियेतून सुटलेली एसटी माझ्या गावात मुक्कामाला येते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीचा कारभार कोकणी मुसलमानांच्या ट्रस्टकडे आहे. महंमद अली रोडवरून जाणारा तो अडीचेक किलोमीटरचा पूल, ज्याला सगळे जे. जे. फ्लायओव्हर म्हणतात, त्याचं अधिकृत नाव 'कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल' आहे. ड्रोन त्याच पुलावरून फिरतो आणि यजमान सांगतो की आपण कुठेतरी परक्या मुलखात आलोय. हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. कोकणातला मुसलमान मराठीत बोलतो, भांडतो, लाजतो, हे मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक असायला हवं.

महंमद अली रोडवरचा प्रत्येक गाडीवाला म्हसळ्याचा असतो, असं मी म्हणत नाही. बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत आणि त्यांच्याशी हिंदीतच बोलावं लागतं. माझा मुद्दा एवढाच की रील विचारत नाही. ती माणसाकडे बघते आणि भाषा ठरवून टाकते. एकदा भाषा ठरली की त्या माणसानं काय बोलायचं हेही ठरतं: मसाल्याचं गुपित, "अल्लाह का करम", आणि हसू. बाकी सगळं एडिटमध्ये जातं.

*

दुसरी गोष्ट 'फक्त'.

'फक्त साठ रुपयांत' या तीन शब्दांत सगळ्यांत जास्त काम 'फक्त' करतो. तो किंमतीला चमत्कार बनवतो. आणि चमत्कार म्हटला की त्यामागचं कारण कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यात आम्ही म्हणतो, आउटपुट बघून खूश होऊ नका, लॉग उघडा. साठ रुपये हे आउटपुट आहे.

एका रात्री गाडी आवरता आवरता काकांनी मला चिकन रोलचा हिशोब सांगितला आणि मी तो फोनच्या नोट्समध्ये उतरवला. माल पस्तीस-छत्तीस रुपये. गॅस, कोळसा, कागद, कांदा-लिंबू मिळून पाच. मग पोऱ्याची मजुरी, रात्री गाडी ठेवायच्या जागेचं भाडं, आणि 'जागेचे'. हे 'जागेचे' कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. साठातले दहा-बारा उरतात, पाऊस नसेल तर. वर बिघडलेला माल स्वतःचा. दुपारी दोनला मॅरिनेशन सुरू, रात्री एकला भांडी घासून संपतं. त्यांची बायको गावी खोबऱ्याचं वाटण करून पाठवते, त्याचा या हिशोबात रकानाच नाही.

सीख कबाबाचा हिशोब तर आणखी बोलका आहे. रीलवर हमखास 'मटण सीख' असं लिहिलेलं असतं. मटणाचा किलोचा भाव आणि प्लेटची किंमत यांचा गुणाकार कुणीही करून बघावा. साध्या गाडीवर त्या पैशांत मटण बसत नाही. गाडीवर दोनच शब्द असतात, 'छोटे का' आणि 'बडे का'. स्वस्त सीख ही 'बडे का', म्हणजे म्हशीवर्गातल्या जनावराची. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आधीपासून गाईंपुरती होती. मार्च २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंपर्यंत वाढवली गेली. म्हैस-रेड्याचं मांस कायदेशीर राहिलं. त्या कायद्यानं हजारो लोकांच्या कामधंद्याचं काय केलं, कुठले कबाब गाडीवरून गेले, कुठे चिकन आलं, हा गेल्या दहा वर्षांतल्या मुंबईच्या खाण्याचा मोठा बदल आहे. खिरी, कलेजी, गुर्दा, भेजा या गोष्टी स्वस्त का, तर ज्यांना मांसाचा चांगला तुकडा परवडत नव्हता त्यांनी उरलेल्याचं पक्वान्न केलं म्हणून. खिरी म्हणजे म्हशीची कास. ती निखाऱ्यावर भाजली की दुधासारखी गोडसर, चिवट आणि धुरकट लागते. मला ती सीखपेक्षा जास्त आवडते. तिच्यात एका वर्गाचा सगळा इतिहास आहे आणि रील तिला 'विअर्ड फूड चॅलेंज' या टॅगखाली टाकते.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक मी कॉलेज संपल्यावर वाचलं. मराठवाड्यातल्या दलित समाजाचं खाणं त्यांनी पाककृतींसकट मांडलंय, आणि २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आलाय. आपण ताटापुढे बसून जे वाक्य म्हणतो, त्याला शीर्षकातला एक 'अ' जोडून पाटोळे विचारतात: पूर्ण कुणासाठी? हे जेवण इतकं साधं, इतक्या कमी तेलात का? मांस वाळवून का ठेवायचे? चवीबद्दल ते भरपूर लिहितात, पण चव कुठून आली हे विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. चांगल्या खाद्यसमीक्षेचं माझ्यापुरतं माप तेव्हापासून तेच आहे. त्या मापानं आमच्या रील्स नापास होतात. गंमत म्हणजे चाळीस सेकंद कमी पडतात म्हणून नव्हे. 'बडे का' सांगायला दोन सेकंद लागतात.

*

आता माझी स्वतःची रील.

हे सगळं कळल्यावरही मी केली. अडतीस सेकंदांची. यजमान नाही, फक्त हात आणि तवा, आणि काकांचा आवाज, मराठीत. मला वाटलं, मी काहीतरी वेगळं करतोय. शीर्षक दिलं: 'कुर्ल्यात म्हसळ्याची चव, फक्त साठ रुपयांत'. 'फक्त' मीही लिहिलं, कारण पहिल्या मसुद्यात ते नव्हतं आणि ती रील माझ्या मित्रांपलीकडे गेली नाही. काढून, 'फक्त' घालून पुन्हा टाकली. चार दिवसांत तीन लाख व्ह्यूज.

पहिल्या दोन रात्री माल नऊलाच संपला. काका खूश होते. पोऱ्यानं सेल्फी काढले. तिसऱ्या दिवशी मी कॉमेंट्स नीट वाचल्या. 'मांस कसलं आहे ते आधी दाखव.' 'हे लोक थुंकतात.' 'हा मराठी कसा?' 'नाव काय याचं?' 'कुर्ल्यात नक्की कुठे? लोकेशन टाक.' आणि एकानं अगदी शांतपणे नियम सांगितला होता: स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाला बसू शकत नाही. आईचाही फोन आला. गावात कुणीतरी रील दाखवली होती. "तिथलं कसलं असतं ते तुला माहीत आहे का?" मी म्हटलं, म्हसळ्याचे आहेत ते. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग घरी का नाही जेवायला बोलावलं कधी?" आईला दोन्ही वाक्यांत विसंगती वाटली नाही. मलाही आता वाटत नाही.

सहाव्या संध्याकाळी गाडी उचलायला गाडी आली. तवा, शेगडी, सिलिंडर, सगळं गेलं.

माझ्या रीलमुळे आली का? मी हे सिद्ध करू शकत नाही. त्या दिवशी त्या रांगेतल्या इतरही गाड्या उचलल्या गेल्या, आणि त्यांची रील कुणी केली नव्हती. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे मला शिकवलेलं आहे. काकांनीही तेच सांगितलं. "तुमच्यामुळे नाही हो. गाडी येतच असते." मग थोडं थांबून, "पण ते काढून टाका."

मी काढली. तोवर दोन पेजेसनी उचलून त्यावर गाणं चढवलं होतं. काकांचा आवाज गेला होता. वर लिहिलं होतं: 'जन्नत इन कुर्ला, ओन्ली ६०'. ती अजून फिरते आहे.

असं आधीही झालंय. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतल्या मालवीय नगरच्या 'बाबा का ढाबा'चा व्हिडिओ देशभर गेला. रडणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी लोकांनी रांगा लावल्या, पैसे पाठवले. मग त्या पैशांवरून व्हिडिओ करणाऱ्यावर आरोप झाले, हॉटेल निघालं, काही महिन्यांत बंद पडलं आणि जोडपं जुन्या टपरीवर परतलं. तिथे कुणाचंच वाईट करायचा हेतू नव्हता. पण कॅमेरा गेला तेव्हा टपरीची अडचण होती तिथेच होती.

*

दीडशे मीटरचा नियम खरा आहे, म्हणून तोही वाचू या. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये अटी घालून दिल्या: रेल्वे स्टेशन आणि पालिकेच्या मंडईपासून दीडशे मीटर, आणि प्रार्थनास्थळं, शाळा, रुग्णालयांपासून शंभर मीटर अंतर. एल्फिन्स्टन पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांवर पुन्हा बोट ठेवलं. हा नियम अक्षरशः लावला तर रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या सावलीत रस्त्यावर मांडलेली एकही गाडी बसत नाही. ज्या दृश्यानं आपला फोन महिनाभर उजळतो, ते दृश्यच नियमाबाहेरचं आहे. शहर त्याला महिनाभर सहन करतं, मिरवतं आणि मग आठवण आली की उचलतं.

दुसरा कायदाही तितकाच खरा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं सांगितलं की आधी सर्वेक्षण करा, विक्री प्रमाणपत्रं द्या, आणि ते होईपर्यंत कुणाला हटवू नका. नगर विक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत. मुंबईत त्याच वर्षी सर्वेक्षण झालं, नव्याण्णव हजारांहून जास्त अर्ज आले. समितीच्या निवडणुकीचं मतदान झालं ऑगस्ट २०२४ मध्ये, दहा वर्षांनी, आणि मतदारयादीत होते सुमारे बत्तीस हजार. काकांसारखा २०२० नंतर आलेला माणूस यातल्या कुठल्याच आकड्यात नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर त्यांची डेटाबेसमध्ये नोंदच नाही, फक्त डिलीटची कमांड चालते.

'साठ रुपये' या आकड्यात हे सगळं मुरलेलं आहे. परवाना नाही म्हणून 'जागेचे' द्यावे लागतात, आणि उद्याची खात्री नाही म्हणून आज स्वस्त विकून माल संपवावा लागतो. आपण ज्याला स्वस्त म्हणतो, त्यातला काही भाग दुसऱ्याच्या असुरक्षिततेनं भरलेला असतो.

हे रीलमध्ये सांगता येतं का? येतं. जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवणाऱ्या जोहरान ममदानींनी एक छोटा व्हिडिओ टाकला होता. तो मी पुन्हा पुन्हा पाहिला, राजकारणासाठी नव्हे, एडिटिंगसाठी. न्यूयॉर्कच्या हलाल गाड्या प्रसिद्ध आहेत. १९९० मध्ये तीन इजिप्शियन माणसांनी तिथल्या सहाव्या ॲव्हेन्यूवर हॉट डॉगची गाडी लावली, मुसलमान टॅक्सीवाल्यांना पोटभर हलाल जेवण मिळेना म्हणून तिच्यावर चिकन-भात सुरू केला, आणि आज 'हलाल गाइज' नावानं त्याची साखळी झाली आहे. ममदानींच्या व्हिडिओतही तवा आहे, चिकन-भात आहे, घासही आहे. पण ते गाडीवाल्यांना विचारतात, ही प्लेट दहा डॉलरला का झाली? उत्तर येतं: परवान्यांवर १९८३ पासून मर्यादा आहे, म्हणून गाडीवाल्याला ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्याकडून तो हजारो डॉलर मोजून भाड्यानं घ्यावा लागतो, पालिकेची मूळ फी काहीशे डॉलर. परवाना स्वतःचा असता तर कितीला विकली असती? आठला. ममदानी पुढे निवडूनही आले, ते सोडा. प्रचाराचा व्हिडिओ होता हेही खरं, त्यातही निवड होती, कापाकापी होती. पण किंमतीला चमत्कार न मानता प्रश्न मानलं की तेवढ्याच सेकंदांत काय होऊ शकतं, ते त्यात दिसतं. त्या रीलनं 'फक्त' काढून 'का' घातला.

*

एक गुंता मात्र उरतो आणि तो मला अजून सुटलेला नाही.

एवढा वेळ मी म्हणतोय की रीलमध्ये माणूस दाखवा. त्याचं गाव विचारा, भाषा विचारा. पण माझ्या रीलखालीही लोक नावच विचारत होते. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाण्याच्या दुकानांनी मालकाची नावं लावावीत असा आदेश निघाला आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. तिथेही मागणी नावाचीच होती. 'कुठली बोर्ली?' आणि 'नाव काय याचं?' हे दोन्ही ओळख विचारणारेच प्रश्न. पहिल्यानंतर काकांनी मला स्टूल दिलं. दुसऱ्यानंतर रील काढायला सांगितली. मग समीक्षक म्हणून मी काय मागायचं? नाव दाखवा की लपवा?

'हलाल' या शब्दाचंही असंच झालंय. न्यूयॉर्कमध्ये तो शब्द गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहून सगळ्यांना बोलावतात. कुर्ल्यात तो गाडीवर सहसा लिहिलेला नसतो, गिऱ्हाइकाला माहीत असतं. आपल्याकडे तो लिहिला जातो तो कॉमेंट्समध्ये, शिवीसारखा. मार्च २०२५ मध्ये राज्यात झटका मांसाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर झालं आणि आठवडाभर माझ्या टाइमलाइनवर 'हलाल' म्हणजे जणू एखादा कट होता. पण मराठीत हा शब्द आजचा नाही. खाल्ल्या मिठाला जागणारा तो निमकहलाल. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मैला साफ करणाऱ्या कामगारांना 'हलालखोर' म्हटलंय, कष्टाची खाणारा या अर्थाच्या शब्दानं; शहरानं शब्द मानाचा दिला आणि वागणूक उलटी. जनावर कसं कापलं हा 'हलाल'चा एक अर्थ आहे, नियमांचा आणि श्रद्धेचा. पण शब्दाचा मूळ अर्थ 'जे रास्त आहे, ज्याला परवानगी आहे' एवढाच आहे, आणि तो कमाईलाही लागतो. काका मांसाबद्दल बोलताना हा शब्द क्वचित वापरतात. पैशांबद्दल बोलताना वापरतात. पोऱ्याची मजुरी रोज रात्री गाडी बंद करायच्या आधी देतात आणि म्हणतात, "नाहीतर माझं हलाल होत नाही."

मला वाटतं, माझ्या गुंत्याचं थोडंफार उत्तर इथे आहे. खाण्यावरच्या लिखाणानंही मांसाचा हलालपणा सोडून कमाईचा विचारावा. गाडीवाल्याचं नाव किंवा चेहरा न दाखवताही हिशोब दाखवता येतो. काम किती तासांचं ते सांगता येतं. नियम काय आहे, तो पाळायची सोय कुणी केली नाही, हे सांगता येतं. त्याच्याच भाषेत बोलता येतं, आणि ती कुठली हे आधी विचारता येतं. लोकेशन टाकायच्या आधी त्याला विचारता येतं की टाकू का. मी यातलं एकही केलं नव्हतं. मी आवाज मराठी ठेवला आणि स्वतःला शाबासकी दिली.

हा लेख तरी वेगळा आहे का, असा प्रश्न मला पडला. म्हणून लिहून झाल्यावर मी तो काकांना वाचून दाखवला. एका रविवारी दुपारी, त्यांच्या खोलीवर, कांदे चिरत चिरत त्यांनी ऐकला. दंड भरून गाडी सुटली, ती आता दुसरीकडे लागते. कुठे ते लिहीत नाही. दोन दुरुस्त्या त्यांनी सुचवल्या. कुवेतमध्ये चौदा वर्षं, मी बारा लिहिलं होतं. आणि बायको वाटण पाठवते ते माझ्या लेखात आलंच नव्हतं. "ते घाला," म्हणाले, "त्याशिवाय हिशोब खोटा."

रोल आता सत्तरला झालाय. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून साठच घ्यायचा प्रयत्न केला, गाववाला म्हणून. मी सत्तर दिले. त्यांनी दहाची नोट थोडा वेळ हातात धरली आणि गल्ल्यात टाकली.